पावलाचं माप

किल्ली वीतभर लांब, गंजाने तांबूस.
गाविना पिन्ना ती एप्रनच्या खिशात ठेवते
चष्मा, सुतळी आणि अर्ध्या लिंबासोबत.
"उपवासकाळात इकडे कुणी फिरकत नाही," म्हणते,
"लोकांना जत्रा हवी, भाजलेलं कोकरू हवं.
आलातच आहात, तर पाय पुसा."

दार बराच वेळ कुरकुरतं
मग एकाएकी हार मानतं.
आत मेणाचा आणि ओल्या चुन्याचा वास.
भिंतीला दगडाचा एक थर काळा, एक पांढरा,
वेदीवरचा क्रूस जांभळ्या कापडात बांधलेला,
प्रवासाला निघालेल्या सामानासारखा.

ती टाच आपटते. खालून पोकळ आवाज येतो.
"आधी विहीर होती. तिच्यात कुणीतरी देव होता.
नाव आम्ही विसरलो. पाणी अजून आहे."
हा खांब म्हणजे रोमी रस्त्यावरचा मैलाचा दगड,
गवंड्याने उलटा रोवला,
आकडे वाचायचे तर डोक्यावर उभं राहा.
"एक जर्मन राहिला होता. वाचून झालं,
पण मग त्याला उठवता उठवता आमचा जीव गेला."

मग समुद्रापलीकडून संन्यासी आले, पांढऱ्या झग्यातले,
मधमाश्यांच्या टोपल्या आणि कर्जाची वही घेऊन.
मग प्लेग. दोन वर्षं दार विटांनी चिणलेलं.
मग डास. सगळं गाव उठून टेकडीवर गेलं,
देवळाला कोण उचलणार?
"म्हणाले, देवाला हिवताप होत नाही."

शतकं ती अशी सांगते
जशी शेजारणीच्या सुनांची कुरबुर.

कोपऱ्यातलं कपाट उघडते. आत काळोखात
कापसावर रुजवलेला गहू, ताटलीभर,
ऊन न पाहिलेला, म्हाताऱ्याच्या केसांसारखा फिकट.
पवित्र गुरुवारी याला लाल फीत बांधून
वेदीपाशी ठेवायचं. "हात लावू नका. उजेडही नको."
कपाट बंद.

बाहेर दक्षिणेच्या भिंतीवर पावलं.
दगडात कोरलेल्या नुसत्या बाह्यरेषा,
यात्रेकरूंनी आपला पाय टेकवून, खिळ्याने गिरवलेल्या:
मी इथवर आलो.
रुंद पाय, निमुळते पाय, एक सहा बोटांचा.
आणि गुडघ्याच्या उंचीवर एक लहानसा,
अंगठा जरा बाहेर वळलेला.

"याच्यावर प्राध्यापकांनी पुस्तकात अर्धं पान लिहिलंय.
बाराव्या शतकातलं यात्रेकरू मूल, म्हणे.
पट्टी लावून मोजलं, फोटो काढले,
मला विचारलं, काही आख्यायिका आहे का?
मी म्हटलं, नाही."

ती इकडेतिकडे बघते. खाली फक्त मेंढ्या.
"तो बारोरेचा आहे. माझ्या धाकट्या भावाचा.
बेल्जियमच्या खाणीत बापाकडे निघाला, अकरा वर्षांचा,
आदल्या रात्री मी कंदील धरला, त्याने खिळा.
बूट काढला तर मोजा फाटका.
थंडीने पाय थरथरला, म्हणून अंगठा वाकडा आलाय."

परत आला का, मी विचारत नाही.
ती लिंबू काढून हुंगते, परत ठेवते.

"दर उपवासकाळात मी याचं पापकबुलीजबाबात सांगते.
खोटं नाही बोलले, पण खरंही सांगितलं नाही.
सात फादर झाले. सातही जण हसले.
प्रायश्चित्त तीन नमो मरिया.
मी चार म्हणते."

ऊन भिंतीवर सरकत आलंय,
काळ्या थरावरून पांढऱ्यावर.
ती वाकते, एका हाताने कंबर धरून,
दुसऱ्याचा अंगठा त्या छोट्या टाचेतून फिरवते,
साचलेली माती काढते,
नखात शेवाळ.

मग सरळ उभी राहते, किल्ली चाचपते.
"लिहिणार असाल," म्हणते,
"तर बारावं शतकच लिहा.
तिथे त्याला सोबत आहे."